देवघेवीची वही

धरणगावच्या जिनिंग-प्रेसच्या गल्लीतलं वाचनालय
मागच्या महिन्यात रिकामं केलं आम्ही.
कपाटं भंगारात, पंखा देवळाला,
वाळवीच्या तोंडून उरलं ते माझ्याकडे,
कारण शेवटचा ग्रंथपाल मी,
पगार तीन वर्षं थकलेला.

दारावरची संगमरवरी पाटी मात्र निघेना.
‘कामगारांच्या ज्ञानवृद्ध्यर्थ. शेठ हरकचंद उदेराज.’
पहार लावली तर भिंतच येऊ लागली सोबत.
राहू दिली.

शेठ वाचायचे. हे खरं आहे.
अमेरिकेतल्या पोलादाच्या राजाचं चरित्र पुण्याहून मागवलेलं,
पानोपानी तांबड्या पेन्सिलीच्या रेघा :
तेरा वर्षांचं पोरगं, गिरणीत रिळं बदलणारं,
मग तार, मग रेल्वे, मग लोखंड,
आणि म्हातारपणी गावोगाव ग्रंथालयं.
‘ग्रंथालयं’खाली दोन रेघा.
त्याच पुस्तकात संपाचं प्रकरण आहे,
नदीकाठी चाललेल्या गोळ्यांचं.
तिथे कागद कोरा, इस्त्री केल्यासारखा.

वाचनालय बांधलं त्याच साली
जीनची पाळी दहावरून बारा तासांवर गेली.
दोन्ही हुकूम मी एकाच फायलीत पाहिले,
एकाच टाचणीने टोचलेले.

‘वाचाले येळ कोठे शे, दादा?’
हे फायलीत नाही.

वहीत आहे ते असं :
सन एकतीस, पुस्तक नंबर अठ्ठावीस,
शिकागोच्या मजूरवस्तीत घर उघडणाऱ्या बाईचं.
नेणार उखर्डू झिपरू, वय नऊ.
पुढच्या महिन्यात तेच. आखाजीच्या आदल्या दिवशी तेच.
बत्तीस साली सात वेळा.
बायकांना सभासद होता येत नसे.
कारकुनाने शेवटी समासात बारीक लिहिलं :
आईसाठी.

झेलाबाई. सरकी निवडायची. एक पोर पाठीशी,
एक रुईच्या ढिगात निजवलेलं,
तंतू जाऊ नये म्हणून नाकावर ओलं फडकं.
अक्षर येत नव्हतं एकही.
उखर्डू वाचायचा, ती भाकरी थापायची,
आणि एकाच पानाशी थांबवायची त्याला :
ती बाई पहाटे उठून
कचऱ्याच्या गाडीमागे चालते, ते पान.
कचरा उचलला की नाही, स्वतः बघते.
‘आखो वाच. मंग काय करे जेनाबाई?’

पुढचं थोडंसंच आहे.
तेहतीसच्या फाल्गुनात, ऊन चढायच्या आत,
झेलाबाईने जीनच्या फाटकात तीन खाटा आडव्या टाकल्या,
वर पोरं निजवली. तिची दोन, इतर बायकांची नऊ.
घोषणा नाही. भाषण येत नव्हतं तिला.
मुकादम म्हणाला, हे काय?
म्हणाली, ‘मोजी ल्या.’
शेठची मोटार अर्धा तास उन्हात उभी राहिली.

मिळालं काय? पत्र्याची एक शेड, दोन रांजण,
पोरं राखायला एक बहिरी म्हातारी.
बारा तास बाराच राहिले.
झेलाबाईला पुढच्या हंगामात घेतलं नाही कामावर.
त्यानंतरच्या वर्षांचं उखर्डू काही सांगायचा नाही,
तंबाखू चोळत बसायचा.

हो, उखर्डूने सांगितलं हे सगळं मला.
नव्वदीला टेकल्यावर आला होता काठी टेकत,
पिशवीत अठ्ठावीस नंबरचं पुस्तक.
वहीत शेवटच्या नोंदीपुढे परतीची तारीख नाहीच.
एक्केचाळिसावं पान उघडून दाखवलं त्याने :
कळण्याच्या पिठाचा अंगठा,
आणि शिवणीत अडकलेला कापसाचा एक तंतू.
तो मी काढायला गेलो, त्याने हात धरला.

मग विचारलं, दंड किती झाला?
नियम भिंतीवर होता : दिवसाला एक पै.
एकोणऐंशी वर्षं. लीप वर्षं वेगळी.
आम्ही दोघं दुपारभर गुणाकार करत बसलो
आणि पै म्हणजे नेमकी किती
ते दोघांनाही आठवेना.